एकच आकडा लक्षात ठेवा: ८६०

वीजबिलात युनिट, बिस्किटाच्या पुड्यावर किलोकॅलरी, एसीच्या माहितीपत्रकात बीटीयू. मापं निरनिराळी, ऊर्जा एकच. सगळ्यांना ज्यूलमध्ये आणलं की हिशोब सोपा:

🔹 १ किलोकॅलरी = ४,१८४ ज्यूल
🔹 १ बीटीयू = सुमारे १,०५५ ज्यूल
🔹 १ युनिट (किलोवॅट-तास) = ३६ लाख ज्यूल = सुमारे ८६० किलोकॅलरी

सगळ्यात कामाची शेवटची ओळ. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायचं तर १५ × ३५ = ५२५ किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे साधारण ०.६ युनिट.

आता गॅस. किलोभर एलपीजीत सुमारे १०,८०० किलोकॅलरी, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जवळपास १८० युनिट! शेगडीवर त्यातली साधारण दोन तृतीयांश उष्णताच भांड्यात पोचते, इंडक्शनवर अंदाजे ८५ टक्के. म्हणून सिलिंडरभर स्वयंपाक इंडक्शनवर सुमारे १४० युनिटांत होतो. तुमच्या बिलातला दर लावून बघा, स्वस्त काय ते कळेल.

⚠️ एसीवरचं बीटीयू मात्र ताशी असतं: एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. तो उष्णता बाहेर काढण्याचा वेग आहे, विजेचा खर्च नव्हे.