छाती हलते आहे, मग माणूस गेला कसा?



गटाच्या बैठकीत अपघाताचा विषय निघाला की ही शंका येतेच. अंग गरम, छाती वरखाली होतेय, ठोके दिसताहेत, आणि डॉक्टर म्हणतात ब्रेन डेड. पाठोपाठ अवयवदानाचं विचारतात. ‘अवयवांसाठीच घाई केली’ ही कुजबूज मग गावभर होते, आणि त्या आईच्या मनाला कायमचा घोर लागतो. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

छाती व्हेंटिलेटर हलवतो. प्राणवायू मिळेल तोवर हृदय आपलं आपण धडधडतं. मार लागलेला मेंदू मात्र सुजतो आणि टणक कवटीत त्याला जागा नसते. दाब इतका वाढतो की हृदयाला रक्त वर ढकलता येत नाही. रक्त थांबलं की मेंदू मरतो, तो परतत नाही. कोमात मेंदूला रक्त जात असतं. हा फरक मोठा आहे.

डॉक्टर डोळ्यांवर बॅटरी मारतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, शेवटी व्हेंटिलेटर काढून, प्राणवायू चालू ठेवून, स्वतःचा एक तरी श्वास येतो का बघतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने चार डॉक्टर लागतात, तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. अवयव बसवणारे डॉक्टर त्या चौघांत चालत नाहीत.

पण चेहराच चेचला असेल, किंवा गुंगीची औषधं अंगात असतील तर या तपासण्या अडतात. तेव्हा न्यूक्लिअर स्कॅनची मदत घेता येते. नाव ऐकून घाबरू नका. शिरेतून टेक्नेशियम घातलेलं औषध थोडंसं देतात आणि गॅमा कॅमेरा ते कुठे पोचलं ते टिपतो. पाटाच्या पाण्यात रंग टाकावा तसंच. ज्या वाफ्यात पाणीच जात नाही, तिथे रंग कुठून येणार? जिवंत मेंदू ते औषध धरून ठेवतो आणि उजळ दिसतो. रक्त थांबलं असेल तर कवटी आतून रिकामी, काळी दिसते. नाक-चेहऱ्याचा भाग तेवढा उजळतो. मेंदूत औषध पोचलेलं दिसलं, तर या स्कॅनवरून मृत्यू ठरवता येत नाही.

लहान बाळांचं अवघड असतं. टाळू भरलेली नसते, सुजेला थोडी जागा मिळते, त्यामुळे मेंदू गेल्यावरही थोडं रक्त वाहताना दिसू शकतं. म्हणून नुसत्या स्कॅनवर भिस्त ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या २०११ च्या मार्गदर्शनात दोन तपासण्यांमध्ये नवजात बाळासाठी २४ तास, मोठ्या मुलांसाठी १२ तास सांगितले होते.

आपल्या कायद्यात हा स्कॅन सक्तीचा नाही आणि सगळीकडे त्याची सोयही नसते. तो केला नाही म्हणजे काही लपवलं, असं नाही. केला असेल तर मात्र ‘चित्र दाखवा’ म्हणा, संकोच नको. समोरून आणि बाजूने काढलेली चित्रं असतात. नाक कुठलं, कवटी कुठली, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.