आधी सामान बाहेर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखाद्या जुन्या कौलारू घराची दुरुस्ती काढली, की लोक आधी भांडीकुंडी आणि कागदपत्रे शेजारी नेऊन ठेवतात. मगच कौले उतरवतात. संगणकाचेही तसेच आहे.

संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिला 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. विंडोज ही अशीच एक प्रणाली आहे. ती बिघडली किंवा जुनी झाली, की पुन्हा घालावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हाही अनेकांवर ही वेळ आली.

प्रणाली सहसा 'सी' ड्राइव्हवर असते. डेस्कटॉपवरचे फोटो आणि निबंधही बहुधा तेथेच असतात. तो ड्राइव्ह 'फॉरमॅट' केला, की तेही जातात.

म्हणून आधी सर्व फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उर्दू मजकूर इनपेजमध्ये लिहिला असेल, तर तो प्रोग्रामही पुन्हा घालावा लागेल, हे ध्यानात ठेवा.

मुलांनो, प्रणाली पुन्हा मिळते. आजोबांचा पुसलेला फोटो मिळेलच असे नाही.