वळिवड्याचा पोलिश कॅम्प : आश्रय आणि त्याची आठवण

युद्धकाळातील माणुसकीचा विचार करताना सामान्यतः एखाद्या व्यक्तीचे धाडस किंवा तिने केलेला त्याग डोळ्यांसमोर येतो. परंतु ज्यांची भाषा, धर्म, पेहराव आणि खाणेपिणे यांपैकी काहीच आपल्याशी जुळत नाही अशा हजारो परक्या माणसांना वर्षानुवर्षे शेजारी म्हणून राहू देणे, आणि तेही स्वतः पारतंत्र्यात व टंचाईत असताना, हा माणुसकीचा वेगळा आणि अधिक अवघड प्रकार होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत, कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि या वास्तव्याची कृतज्ञता पोलंडमध्ये आजही जाहीरपणे व्यक्त केली जाते. ही कृतज्ञता इतकी दीर्घकाळ का टिकली, हे समजून घ्यायचे असेल तर हे लोक कोठून आले, त्यांना येथे नेमके काय मिळाले आणि ते कोणी दिले, या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून त्या देशात शिरले, त्यामुळे काही आठवड्यांतच पोलंडचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व भागातून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांमध्ये लक्षावधी लोकांना घराबाहेर काढून, मालगाडीच्या डब्यांत कोंडून, सायबेरिया, उत्तर रशियातील अर्खांगेल्स्कचा जंगलपट्टा आणि कझाकस्तान येथे पाठवण्यात आले. या कारवाईला सक्तीचे स्थलांतर म्हणतात, कारण न्यायालयात कोणताही गुन्हा सिद्ध न करता केवळ वर्ग, व्यवसाय किंवा राष्ट्रीयत्व पाहून ती केली गेली; सैनिक, वनरक्षक, शिक्षक आणि सरकारी नोकर यांची कुटुंबे तिच्यात विशेषत्वाने भरडली गेली. लाकूडतोडीची कामे, कडाक्याची थंडी, अपुरे अन्न आणि विषमज्वरासारखे रोग यांमुळे असंख्य मुले अनाथ झाली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर परिस्थिती अचानक पालटली. लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलंडचे परागंदा सरकार, म्हणजे देश शत्रूच्या ताब्यात गेल्यावर परदेशातून कारभार चालवणारे सरकार, आणि मॉस्को यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला, आणि त्यानुसार स्थलांतरितांना सार्वत्रिक माफी देऊन सोव्हिएत भूमीवर जनरल वाडिस्वाव आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारण्याचे ठरले. या सैन्याच्या मागोमाग कुटुंबेही मिळेल त्या वाहनाने दक्षिणेकडे निघाली. १९४२ च्या मार्च–एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात जे सुमारे १ लाख १५ हजार लोक उतरले, त्यांत सैनिकांखेरीज हजारो स्त्रिया, वृद्ध आणि मुले होती. सैनिकांची रवानगी पुढे आघाडीवर झाली. नागरिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत कोठे ठेवायचे हा प्रश्न उरला. त्याची उत्तरे पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको, लेबनॉन आणि भारत अशी निरनिराळ्या दिशांनी मिळाली.

भारतातील पहिला दीर्घकालीन आश्रय सौराष्ट्रात मिळाला. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्या वेळी नरेंद्र मंडळाचे, म्हणजे ब्रिटिश सरकारपुढे संस्थानिकांचे म्हणणे मांडणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष होते आणि ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकींतही भारतीय प्रतिनिधी म्हणून सहभागी होत असत. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे त्यांनी अनाथ पोलिश मुलांसाठी जागा दिली आणि संस्थानिक, उद्योजक व इतर देणगीदार यांच्या निधीतून तेथील खर्च भागवण्याची व्यवस्था केली. सोव्हिएत हद्दीतील अश्काबादहून ट्रकांच्या ताफ्याने मशहद, झाहेदान आणि क्वेट्टा या मार्गाने भारतात आलेली मुले प्रथम मुंबईत वांद्रे येथे काही काळ राहिली व नंतर १९४२ मध्ये बालाचडीला गेली. नवानगरच्या प्रजेप्रमाणे आपण त्यांचेही ‘बापू’ आहोत, असे जामसाहेबांनी या मुलांना सांगितल्याची आठवण पुढे त्या मुलांपैकी अनेकांनी नोंदवली आहे. १९४६ मध्ये बालाचडीचा कॅम्प बंद झाला आणि तेथील अनेक मुले वळिवड्यास आली.

वळिवड्याची कथा बालाचडीपेक्षा वेगळी आहे, आणि हा फरक स्पष्टपणे सांगणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. बालाचडीच्या मागे एका राजाचा वैयक्तिक पुढाकार होता, तर वळिवड्याचा कॅम्प लंडनमधील पोलिश परागंदा सरकार, भारतातील ब्रिटिश सरकार आणि कोल्हापूर संस्थान यांच्या सहकार्यातून उभा राहिला, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार पोलिश सरकारने उचलला. छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाल्यानंतर दत्तक छत्रपती अल्पवयीन असल्याने संस्थानचा कारभार महाराणी ताराबाई यांच्या काळातील रीजन्सी कौन्सिलकडे, म्हणजे राजा अज्ञान असताना राज्य चालवणाऱ्या मंडळाकडे होता. तेव्हा कोल्हापूरने पोलिशांना पैसा दिला असे म्हणणे अचूक ठरणार नाही. कोल्हापूरने दिली ती जागा, शेजार आणि निर्धोकपणा, आणि ज्यांना तीन वर्षे कोणत्याही जमिनीवर पाय स्थिर करता आला नव्हता त्यांच्या लेखी या तीन गोष्टींचे मोल पैशाहून कमी नव्हते.

कराचीतील तात्पुरत्या छावण्यांतून रेल्वेने आलेले पहिले मोठे गट जून १९४३ मध्ये वळिवड्यास पोहोचले. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, पंचगंगेच्या परिसरात, रेल्वेमार्गालगत लांबलचक कौलारू बराकींच्या रांगा बांधण्यात आल्या. त्यांच्या भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या होत्या, पुढे पडवी होती आणि प्रत्येक कुटुंबाला खोल्यांसह स्वतंत्र स्वयंपाकाची सोय होती. सामुदायिक भोजनगृहाऐवजी प्रत्येक कुटुंबाची वेगळी चूल हा तपशील क्षुल्लक वाटला तरी त्याचा परिणाम मोठा होता, कारण रांगेत उभे राहून अन्न घेणारा माणूस आश्रित राहतो, तर स्वतःच्या हाताने भाजी निवडून रांधणारी स्त्री पुन्हा गृहिणी होते. कॅम्पमध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळा, दवाखाना, चर्च, टपाल कार्यालय, अनाथालय, नाट्यगृह आणि बालवीर पथके होती. शिक्षण पोलिश भाषेत चाले आणि अंतर्गत कारभार पोलिशांच्याच हाती असे. प्रकृतीने अशक्त असलेल्या मुलांसाठी पाचगणीच्या कोरड्या, थंड हवेत वेगळी सोय करण्यात आली होती.

कॅम्पचा बाहेरच्या गावांशी संबंध प्रामुख्याने बाजारातून आला. आसपासचे शेतकरी भाजीपाला, दूध, अंडी व फळे घेऊन येत, शहरातील दुकानदार कापड व किरकोळ वस्तू आणत, आणि या देवघेवीतून विक्रेत्यांच्या तोंडी पोलिश शब्द व मुलांच्या तोंडी मराठी शब्द रुळले. यात गावकऱ्यांना चार पैसे मिळत होते हे खरे असले तरी त्यामुळे त्यांच्या वागण्याचे मोल कमी होत नाही. उलट, देणारा आणि घेणारा अशी कायमची उतरंड न राहता दोन्ही बाजूंना ग्राहक आणि विक्रेता म्हणून एकमेकांशी घासाघीस करता आली, हेच त्या संबंधाच्या निरोगीपणाचे कारण होते.

हे सारे कोणत्या काळात घडले याकडेही लक्ष द्यावे लागते. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाने देश ढवळून निघाला होता, शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेला आव्हान देत होते, आणि खुद्द कोल्हापूर संस्थानात माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखे प्रजा परिषदेचे कार्यकर्ते जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडत होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि धान्याच्या नियंत्रित वाटपाची वेळ देशाच्या अनेक भागांवर आली. इंग्रजांच्या दोस्त राष्ट्रातून आलेल्या गोऱ्या लोकांविषयी येथे रोष निर्माण होणे अशक्य नव्हते. तरीही हा कॅम्प पाच वर्षे शांततेत नांदला. राज्यकर्त्यांशी असलेले भांडण निराधार पाहुण्यांपर्यंत नेऊ नये, एवढा विवेक त्या काळच्या समाजाने दाखवला, आणि वळिवड्याच्या इतिहासात कौतुकास सर्वांत पात्र अशी कोणती गोष्ट असेल तर ती हीच.

कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनात या व्यवस्थेशी मिळताजुळता एक जुना पायंडाही होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास जागा, इमारती व अनुदाने दिली, आणि ती चालवण्याची जबाबदारी बहुधा त्या त्या समाजातील मंडळींवर सोपवली. आधार राज्याचा आणि कारभार ज्याचा त्याचा, हे त्या योजनेचे सूत्र होते. पोलिश कॅम्पची रचना याच सूत्रावरून ठरली असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु वेगवेगळे समाज आपापल्या रीतीने एकाच नगरात नांदतात हे दृश्य ज्या शहराला चार दशके परिचयाचे होते, त्याला आणखी एक अनोळखी समाज सामावून घेणे तुलनेने सोपे गेले असावे, असा तर्क करता येतो.

महायुद्धाच्या दुसऱ्या टोकाला पोलिश आणि मराठी या दोन समाजांची गाठ रणांगणावरही पडत होती. कॅम्पमधील अनेक कुटुंबांचे वडील, पती व भाऊ आंडर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते, आणि मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा डोंगरावरील मठ अखेर पोलिश तुकड्यांनीच काबीज केला. त्याच इटालियन मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये शिपाई नामदेव जाधव यांनी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि घाडगे यांना तो मरणोत्तर लाभला.

युद्ध संपले तरी पोलिशांचा वनवास संपला नाही. त्यांची गावे सोव्हिएत संघात विलीन झाली होती, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील परागंदा सरकारची मान्यता काढून वॉर्सातील साम्यवादी प्रभावाखालील सरकारला मान्यता दिल्याने त्यांचे पालकत्व घेणारे सरकारही उरले नाही. स्वतंत्र भारतातही काही महिने थांबून १९४८ पर्यंत बहुतेक जण निघून गेले. सैनिकांची कुटुंबे प्रामुख्याने ब्रिटनला गेली, काही पूर्व आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले, काही पोलंडला परतले, तर विवाहामुळे कायमचे कोल्हापूरकर झालेल्यांची उदाहरणेही आहेत. रिकाम्या झालेल्या त्याच जागेवर फाळणीमुळे सिंध सोडून आलेल्या हिंदू कुटुंबांना वसवण्यात आले आणि तेथे गांधीनगर उभे राहिले, जे आज कापडाच्या घाऊक व्यापाराचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते. एकाच भूमीने एका दशकात दोन खंडांतील निर्वासितांना आधार द्यावा, असे उदाहरण महाराष्ट्रात विरळाच आढळेल.

उपकाराची आठवण आपोआप टिकत नाही. ती टिकवण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. येथे ते काम उपकार घेणाऱ्यांनीच केले. भारतात बालपण गेलेल्या पोलिशांनी ब्रिटनमध्ये संघटना स्थापन केली, आठवणी, छायाचित्रे व नोंदी गोळा करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, आणि १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. कोल्हापुरात मृत्यू पावलेल्या पोलिशांच्या कबरींचीही पुढे डागडुजी झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धारंभाला ८० वर्षे झाली तेव्हा, कॅम्पमध्ये वाढलेले आणि आता वृद्ध झालेले काही पोलिश नागरिक आपल्या देशाच्या प्रतिनिधींसह वळिवड्यास आले. वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावे ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे, आणि त्याच शहरातील मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या लोकांविषयी कृतज्ञता व्यक्त करणारे स्मारक २०१७ पासून उभे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही ठिकाणी अभिवादन केले.

या सर्व घडामोडींतून निघणारा निष्कर्ष असा की, अन्नवस्त्राची मदत जीव वाचवते, परंतु दीर्घकाळ स्मरणात राहते ती मदत घेणाऱ्याला त्याच्या मूळ रूपात राहू देणारी असते. वळिवड्यात पोलिश मुले पोलिश भाषेत शिकली, स्वतःचे सण पाळून मोठी झाली आणि देश गमावूनही नागरिक म्हणून बाहेर पडली. कोणी त्यांचा धर्म बदलू पाहिला नाही की उपकाराची परतफेड मागितली नाही. यांतील पोलिश बाजू बऱ्यापैकी लिहिली गेली आहे. मात्र त्या कॅम्पला भाजी, दूध आणि कापड पुरवणाऱ्या, तेथे काम केलेल्या किंवा लहानपणी तेथील मुलांबरोबर खेळलेल्या मराठी माणसांच्या आठवणी त्या मानाने फार थोड्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि १९४३ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आता नव्वदी ओलांडून गेले आहे. म्हणून वळिवडे, गांधीनगर आणि कोल्हापूर परिसरातील शाळा, महाविद्यालये व ग्रंथालये यांनी अशा घरांतील आठवणी, पत्रे आणि छायाचित्रे वेळीच गोळा करून जपून ठेवावीत, कारण या इतिहासाची दुसरी अर्धी बाजू केवळ त्यांच्याच हाती आहे.