गाडी जुनी, रस्ते नवे

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाची बातमी देशभर गाजली. 3 जूनच्या सकाळी सुरू झालेले काम 7 जूनच्या संध्याकाळी थांबले तेव्हा लोणी ते माना या टप्प्यात, एका मार्गिकेच्या हिशेबाने, 75 किलोमीटर डांबरीकरण झाले होते. वेळ लागला 105 तास 33 मिनिटे, आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम असलेल्या या रस्त्याचे रूप पाच दिवसांत पालटले. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 ला 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला मिळाला. धामणगाव, कारंजा, मेहकर या भागांतून मुंबईकडे जाण्याची दिशाच त्याने बदलली. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 आता 53 झाला आहे, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे. 2008 साली बनलेल्या एखाद्या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या नकाशाला यातले काहीही ठाऊक असणे शक्य नाही. आणि नेमक्या याच वयाच्या गाड्या आज हौशी लोकांच्या हाती येत आहेत.

स्पोर्ट्स कार म्हटले की वऱ्हाडात अजूनही माना वळतात, पण ती आता फक्त कोट्यधीशांची मिरास राहिलेली नाही. पंधरा वर्षे चाललेली ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-4 किंवा मर्सिडीज एसएलके जुन्या बाजारात कधी कधी नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळून जाते. त्याहून आवाक्यातल्या दोन गाड्या तर महाराष्ट्रातच बनल्या: संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आणि 2015 मध्ये रांजणगावहून बाहेर पडलेली 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो. काटेकोर अर्थाने या दोघी स्पोर्ट्स कार नव्हेत, पण चालवणाऱ्याला तो आनंद त्या देतात. अशी गाडी घेऊन तिच्यावर एमएच-27 किंवा एमएच-30 ची पाटी लावली, इंजिन नीट करून घेतले, टायर बदलले, की पुढचा प्रश्न उभा राहतो तो डॅशबोर्डच्या मधल्या त्या मिणमिणत्या पडद्याचा. त्याचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. गाडीतला नकाशा सुधारण्यावर एक रुपयाही घालू नये. वाट दाखवण्याचे काम फोनकडे द्यावे, गाडीत फक्त पडदा आणि आवाज ठेवावा, आणि तोही असा बसवावा की उद्या काढला तर गाडीला त्याची खूणही राहू नये.

याचे कारण गाडीच्या दोन भागांच्या वयात आहे. चांगले इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा हे सारे देखभाल केली तर चाळीस वर्षे टिकते. त्याच गाडीतले संगणकी भाग मात्र सात-आठ वर्षांत म्हातारे होतात, आणि म्हातारे होतात ते झिजून नव्हे, तर भोवतालचे जग पुढे गेल्यामुळे. जीपीएसचे उदाहरण घ्या. मूळ जीपीएस संदेशात आठवड्याचा क्रमांक लिहायला फक्त दहा बिटांची जागा ठेवली होती. म्हणजे 1024 आठवडे मोजून झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट 1999 मध्ये असे एकदा झाले, एप्रिल 2019 मध्ये दुसऱ्यांदा. नव्या उपकरणांनी ते सांभाळून घेतले, जुन्यांपैकी काहींना जमले नाही. जानेवारी 2022 मध्ये अमेरिका आणि इतर काही देशांतल्या जुन्या होंडा गाड्यांची घड्याळे एकाएकी 2002 साल दाखवू लागली, तीही नेव्हिगेशन यंत्रातल्या याच जातीच्या हिशेबी चुकीमुळे. गाडी ठणठणीत, घड्याळ वीस वर्षे मागे. दुसरीकडे आपल्या इस्रोने जीपीएससारख्याच नाविक प्रणालीसाठी मे 2023 मध्ये एनव्हीएस-01 हा उपग्रह सोडला आणि सामान्य उपकरणांना सोयीच्या एल-1 पट्ट्यात संदेश पाठवण्याची सुरुवात केली. नाविक ओळखणारे फोन बाजारात आले आहेत. 2008 च्या गाडीतला ग्राहक-संच ते संदेश कधीच ऐकणार नाही, कारण त्याच्या घडणीतच ती सोय नाही. नकाशाची नवी डीव्हीडी शोधून घातली, तरी हे दुखणे तसेच राहते. परदेशातून आलेल्या गाडीत तर युरोपचा नाहीतर जपानचा नकाशा असतो, त्याच्यावर पैसे घालण्यात काही अर्थच नाही.

फोनकडे काम सोपवण्याची ही वाट गाड्या बनवणाऱ्यांनीच दाखवली आहे. ॲपलचे कारप्ले 2014 मध्ये आले, गुगलचे अँड्रॉइड ऑटो 2015 मध्ये. दोन्हींत नकाशा, आवाज, गाणी, शोध हे सगळे फोनमध्येच चालते आणि गाडीतला पडदा फक्त ते दाखवतो आणि बोटाचा स्पर्श फोनला कळवतो. त्यामुळे फोन बदलला की गाडी आपोआप नवी होते. पोर्शे कंपनीने 2020 मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जो संच बाजारात आणला, तो या बाबतीत मला फार बोलका वाटतो. साठच्या दशकापासूनच्या 911 साठी एका पट्टीएवढ्या, जुन्या रेडिओच्याच आकारात साडेतीन इंची पडदा, आणि नव्वदीच्या अखेरच्या 996 व पहिल्या बॉक्स्टरसाठी सात इंची. दोन्हींत कारप्ले, मोठ्यात अँड्रॉइड ऑटोही. त्यांचा स्वतःचा नकाशाही त्यात आहे, पण कंपनीने फोनला दार उघडून दिले हे महत्त्वाचे. दर्शनी भाग जुन्या डॅशबोर्डला शोभेल असा ठेवला आणि सात इंची संच असा घडवला की गाडीतले मूळ स्पीकर, ॲम्प्लिफायर, अँटेना तसेच वापरता यावेत. स्वतःच्या वारशाला एवढी जपणारी कंपनी बदल करते तेव्हा तो किती हलक्या हाताने करते, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे हात असा हलका नसतो, आणि खरे नुकसान तिथे होते. ॲक्सेसरीजच्या दुकानात सात-आठ हजारांपासून अँड्रॉइड स्टिरिओ मिळतो, तासाभरात बसतो, पडदा मोठा, रंग झगझगीत. पण तो कसा बसवला ते पाहण्यासाठी फ्रेम काढून आत डोकावले पाहिजे. जुन्या गाडीचा मूळ कपलर कापून टाकलेला, वायरी सोलून एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळतो आणि सहा महिन्यांत जोड उघडा पडतो. रेडिओची जागा जर्मन मानकाप्रमाणे ठरलेली असते, एका पट्टीची 180 बाय 50 मिलिमीटर, दोन पट्ट्यांची 180 बाय 100. तिथे नऊ इंची पडदा घुसवायचा तर आतले प्लास्टिक कापावे लागते, आणि जुन्या गाडीचे ते प्लास्टिक पुन्हा मिळत नाही. याहून गंभीर गोष्ट वायरींची. 2000 नंतरच्या बऱ्याच जर्मन गाड्यांत रेडिओ, ॲम्प्लिफायर, सीडी चेंजर हे तांब्याच्या तारेने नव्हे तर प्रकाश वाहणाऱ्या काचतंतूसारख्या केबलने, एका वर्तुळात जोडलेले असतात. मोस्ट असे त्या जाळ्याचे नाव. वर्तुळातला एक जरी भाग काढून घेतला तर वर्तुळ तुटते आणि सगळा आवाज बंद होतो. हे ठाऊक नसलेला कारागीर ॲम्प्लिफायर गेला म्हणून सांगतो आणि तोही बदलायला लावतो. खरे तर त्या जागी वर्तुळ पूर्ण करणारा छोटा जोड घातला, किंवा मोस्ट समजणारा अडॅप्टर लावला, की काम होते. स्टिअरिंगवरची बटणे, पार्किंगचे सेन्सर, काही गाड्यांत एसीचे आकडेही गाडीच्या अंतर्गत संदेशवहनातून येतात, त्यांनाही त्यांचा कॅन-बस अडॅप्टर लागतो. तो संचाच्या किमतीत धरला आहे की नाही हे आधीच विचारलेले बरे.

वायरींपैकी पिवळी आणि लाल यांच्याकडे तर प्रत्येक मालकाने स्वतः लक्ष द्यावे. पिवळीतून कायमचा वीजपुरवठा येतो, लाल वायरीतून चावी फिरवल्यावरचा. स्टिरिओ लवकर सुरू व्हावा म्हणून कोणी दोन्ही पिवळीवरच जोडतो आणि मग संच कधी झोपतच नाही. हौसेची गाडी रोज निघत नाही, आठवडा-पंधरवडा उभी राहते. गाडी बंद असताना 50 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जात असेल तर 60 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी हिशेबाने पन्नास दिवस पुरते. तोच 300 वर गेला तर आठवडाभरातच तिचा निकाल लागतो. साध्या मल्टीमीटरने हे मोजता येते आणि संच बसवून झाल्यावर दुकानातून निघण्याआधीच ते मोजून घ्यावे. बॅटरी काढण्याआधी जुन्या रेडिओचा कोड गाडीच्या कागदपत्रांत आहे का, तेही पाहावे. तो नसला तर मूळ रेडिओ पुन्हा बोलता करणे डोकेदुखीचे ठरते.

उन्हाचा मुद्दा वेगळा काढून सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईचा सल्ला इथे अपुरा पडतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 44-45 अंशांवर असतो. बंद गाडीत, तिरप्या मोठ्या काचेखाली, डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. स्पोर्ट्स कारची काच अधिक निजलेली, म्हणजे ऊन थेट पडद्यावर. गाडीसाठी घडवलेला पडदा 80-85 अंश सोसेल असा असतो, स्वस्तातला टॅबलेटच्या जातीचा तसा नसतो. तो आधी पिवळा पडतो, मग स्पर्श ओळखेनासा होतो. म्हणून रॅम किती, पडदा किती इंची, हे विचारण्याआधी किती तापमानापर्यंत चालेल हे विचारावे. मोठ्या पडद्यापेक्षा छोटा, काळसर, चकाकी नसलेला पडदा वऱ्हाडात जास्त दिवस काम देतो, आणि जुन्या डॅशबोर्डला शोभतोही.

फोनवर भिस्त ठेवण्यावर पहिला आक्षेप मेळघाटाचा येईल, आणि तो रास्त आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागले की छोट्या चपळ गाडीचा खरा आनंद सुरू होतो, पण पुढे सेमाडोह-हरिसालकडे फोनची रेंज जाते. मग फोनवरच्या नकाशाचा उपयोग काय? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. उपग्रहाकडून स्थान कळायला मोबाइलचे जाळे लागत नाही, जाळे लागते ते नकाशाचे चित्र उतरवायला. ते चित्र अमरावतीत घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवले की रेंज नसतानाही वाट दिसते. वाहतुकीची ताजी खबर तेवढी मिळत नाही, आणि जंगलातल्या त्या रस्त्यावर तिची तेवढी गरजही नसते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. गाडीत मुळातून बसवलेले नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून आणि आतल्या जायरोवरून अंदाज बांधते, त्यामुळे उपग्रह दिसेनासा झाला तरी ते वाट चुकत नाही. हे खरे आहे. समृद्धीवर इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा हे त्याचे चांगले उदाहरण, आत फोनवरचा निळा ठिपका अडखळू शकतो. पण बोगद्यात वळण घ्यायचे नसते, बाहेर पडताच ठिपका जागेवर येतो. या एका सोयीसाठी पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा सांभाळणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात साधा आणि सगळ्यात जोरदार: मग दोनशे रुपयांचे फोनचे स्टँडच का नको? कायद्याचीही त्याला आडकाठी नाही. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरायला मोकळीक दिली आहे. तरीही पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत मी स्टँडच्या बाजूने नाही. कडक सस्पेन्शनच्या गाडीत स्टँड सतत थरथरते, काचेवरचा फोन उन्हात तापून स्वतःच बंद पडतो, आणि सूचनेचा आवाज इंजिनाच्या गर्जनेत बुडतो. पडदा मध्यभागी, खाली, सावलीत असेल आणि आवाज गाडीच्याच स्पीकरमधून येत असेल, तर डोळे रस्त्यावर राहतात. एसी, वायपर, धोक्याचे दिवे यांची मूळ बटणे मात्र काढू नयेत. ती चाचपून दाबता येतात, पडद्यावरचे चौकोन बघून दाबावे लागतात. युरोपातल्या सुरक्षा-चाचणी संस्थेने, युरो एनकॅपने, 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांना खरी बटणे असतील तरच पूर्ण गुण द्यायचे ठरवले आहे, ते याचसाठी. जुन्या गाडीत ही बटणे आधीच आहेत.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा न्याय मात्र वेगळा. केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप राखलेली गाडीच पात्र धरली आहे. अशा गाडीत स्टँड आणि फोन एवढेच पुरे, डॅशबोर्डला हात लावू नये. पण आजची पंधरा वर्षांची टीटी किंवा आरएसही कधीतरी त्या वयाला पोहोचेलच, आणि तेव्हा तिचा मालक दुसरा कोणी असेल. म्हणून दुकानात गाडी उभी करताना भावाच्या आधी एकच अट बोलून दाखवावी: मूळ कपलर कापायचा नाही, त्याला जुळणारा तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जोड, लावायचा. त्या गाडीचा हार्नेस इथे मिळत नसेल तर तो येईपर्यंत थांबावे. महिनाभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही, कापलेला कपलर मात्र कायमचा गेला. आणि निघालेला जुना डेक, त्याची पट्टी, स्क्रू आणि कोडची चिठ्ठी दुकानदाराकडे न सोडता घरी आणावी. जुना डेक बदल्यात मागून दोन हजार कमी करतो म्हणणारे दुकानदार असतात, त्यांना नाही म्हणावे.