गळ्यातील ग्रंथी, हाडांतील गाठ

मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत ती अवटू ग्रंथी. दवाखान्यात मात्र थायरॉइड हाच शब्द रुळला आहे. रक्तातील आयोडीन शोषून त्यापासून संप्रेरक तयार करणे हे तिचे काम.

या ग्रंथीचा कर्करोग पसरतो तो बहुधा ठरावीक वाटांनी. सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार लसिकावाहिन्यांतून मानेतल्याच लसिकाग्रंथींत उतरतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. मानेतील न दुखणारी गाठ ही अनेकदा त्याची पहिली खूण असते. फॉलिक्युलर प्रकारातील पेशी मात्र रक्तवाहिन्यांत शिरून फुप्फुसांत आणि हाडांत जाऊन रुजतात. त्यामुळे मणक्याच्या दुखण्याचे मूळ क्वचित गळ्यात सापडते. हाडात आढळला तरी हा हाडाचा कर्करोग नव्हे, पेशी थायरॉइडचीच.

याचा विलक्षण पुरावा न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयात मिळाला. एका रुग्णाची थायरॉइड ग्रंथी १९२३ मध्येच काढलेली होती. तरीही कित्येक वर्षांनी त्याच्यात संप्रेरकाच्या अतिरेकाची लक्षणे दिसू लागली. ग्रंथीच नाही, तर संप्रेरक येते कोठून? ते येत होते शरीरात अन्यत्र रुजलेल्या कर्कपेशींतून. घर सुटले होते, सवय सुटली नव्हती! १९४३ मध्ये डॉ. सॅम्युएल सायडलिन यांनी त्याला किरणोत्सारी आयोडीन दिले. दूरवरच्या त्या पेशींनी ते शोषले आणि त्याच्याच किरणांनी त्या होरपळल्या. १९४६ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून कार्यरत आहे. तेथेही हीच उपचारपद्धती रुजली. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यावर गरजेनुसार आयोडीन-१३१ देतात. दर आठ दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत राहावे लागते; घरी परतल्यावरही लहान मुले व गर्भवती स्त्रियांपासून काही काळ अंतर राखावे लागते. आईच्या दृष्टीने उपचारापेक्षा हाच भाग अधिक कठीण असावा.

सर्वच पेशी ही सवय जपतात असे नाही. दुर्मीळ आणि वेगाने फैलावणारा ॲनाप्लास्टिक प्रकार ती गमावून बसतो. मेड्युलरी प्रकार ग्रंथीतील निराळ्याच पेशींतून उपजतो, त्यांना आयोडीनचे आकर्षण मुळातच नसते. तो लसिकाग्रंथींबरोबर यकृतातही पोहोचू शकतो. त्यातील काही रुग्णांत दोष आनुवंशिक असतो. अशा वेळी रुग्णाबरोबर त्याच्या मुलांची आणि भावंडांचीही जनुकीय तपासणी करून घेतात.