अवमान म्हणजे न्यायाधीशांचा अपमान नव्हे

निकालाविरुद्ध ब्र काढला की तुरुंग, अशी धास्ती पुष्कळांना असते. ती निराधार आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ नुसार अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा अवमान नाही. पुरावा नीट पाहिला नाही, कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, असे बेलाशक लिहावे, बोलावे. न्यायाधीशाने पैसे खाऊन निकाल दिला, असा बिनबुडाचा आरोप केला तर मात्र फौजदारी अवमानाचा प्रश्न येतो. तिथेही २००६ च्या दुरुस्तीनंतर लोकहितासाठी आणि प्रामाणिक हेतूने मांडलेले सत्य हा बचाव न्यायालय ग्राह्य धरू शकते. शिवाय कुणीही उठून दुसऱ्यावर फौजदारी अवमानाची कारवाई लावू शकत नाही. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली नसेल, तर उच्च न्यायालयात जाण्याआधी महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते.

गाजतात ती अशीच प्रकरणे. दिवाणी अवमान बाजूला पडतो, आणि सामान्य पक्षकाराच्या खऱ्या कामाचा तोच आहे. न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडणे, म्हणजे दिवाणी अवमान. त्यात कुणाविषयी वावगा शब्द उच्चारावा लागत नाही. आरागिरण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध असताना महाराष्ट्रात काहींना परवानगी दिली गेली. त्यासाठी वनमंत्री राहिलेले स्वरूपसिंह नाईक आणि वन खात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना २००६ मध्ये प्रत्येकी एक महिन्याची कैद झाली. मंत्रिपद आणि सचिवपद आड आले नाही. कोर्टाचा कागद फायलीत दाबून ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हे प्रकरण वाचायला हवे.

मात्र आदेश पाळला गेला नाही म्हणजे लगेच अवमान झाला, असेही नाही. आदेश माहीत होता, पाळणे शक्य होते आणि तरीही मुद्दाम डावलला, हे दाखवावे लागते. पैशाचा हुकूमनामा हाती असेल तर वसुलीचा नेहमीचा मार्ग दरखास्तीचा. बांधावर मनाई हुकूम असताना शेजाऱ्याने रातोरात भिंत उभारली, तर त्याच दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ खाली अर्ज करता येतो. मालमत्तेची जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद, इतके अधिकार त्या न्यायालयाला आहेत.

शिक्षेबद्दलही अतिशयोक्ती फार. अधिनियमात कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना २०२० मध्ये फौजदारी अवमानासाठी दंड झाला तो एक रुपया. मनापासून मागितलेली माफी न्यायालयाला पटली तर शिक्षा माफही होते.

वकिलाकडे जायला उशीर मात्र करू नये. अवमान घडल्यापासून एक वर्ष उलटले की कलम २० आडवे येते.