वारीच्या वाटेवरची सावधगिरी
आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे सोडल्यावर दिवे घाट चढून सासवडला पोहोचते. दिंडीतल्या वारकऱ्याला रांगेची शिस्त सांभाळते. धोका अधिक असतो तो अंधारात पुढच्या मुक्कामाकडे सुटे निघालेल्यांना. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. पांढरे कपडे थोडे उपयोगी पडतात, पण चकाकणारी पट्टी आणि विजेरी कितीतरी जास्त. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे त्या बाजूचे वाहन समोरून येताना दिसते. अभंग इअरफोनवर ऐकण्याची हौस मुक्कामापर्यंत थांबवावी. उभ्या ट्रकच्या सावलीत पाठ टेकणे तर टाळावेच: चाकाजवळ निजलेला माणूस चालकाला आरशात बहुधा दिसत नाही.